आधी रेघ

पहाटे ५.१०

गजर साडेपाचचा असतो, पण जाग त्याआधीच येते. ही सवय बँकेने लावली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही वीस मिनिटं मी अंथरुणात पडल्या पडल्या फायली मोजण्यात घालवायची. कुणाचा मूल्यांकन अहवाल यायचाय, कुणाचा हप्ता सलग दुसऱ्या महिन्यात थकलाय, शाखाधिकारी आज काय विचारतील. छातीवर हात ठेवला की ठोके हाताला लागायचे.

आता उठते आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसते. तिथे काल रात्री रेघा मारून ठेवलेला कागद असतो. मोडी लिहिताना आधी रेघ ओढायची असते, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत न्यायची. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. शब्द संपला की रेघ तुटते. मोडीत ती तुटत नाही. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. हात शक्यतो उचलायचाच नाही. सरळ अक्षरं मोडून, वाकवून त्यांची ही धावती रूपं झाली ती त्यासाठीच.

बोरू मी स्वतः तासते. काडीला तिरका काप द्यायचा, टोकाला मधोमध बारीक चीर पाडायची, म्हणजे शाई खाली उतरते. टोक फार बारीक झालं तर कागद ओरखडतो, जाड राहिलं तर अक्षराचं पोट शाईने भरून जातं. पावसाळ्यात कागद दमट असतो, शाई फुटते. आज बुधवार, जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर झिमझिम चालू आहे, आणि पहिल्याच ओळीत एक ‘क’ पसरला. तो तसाच ठेवला. चार ओळींचा कित्ता झाला की बोरू धुऊन ठेवते. आमचे मोडीचे सर म्हणतात, चार ओळी पुष्कळ. पाचवी ओळ घाईची असते.

५.४०

कणीक, भाजी, कुकर, तीन डबे, आईंचा बिनसाखरेचा चहा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. या दोन तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते रोज करावे लागतात आणि मी ते करते.

८.२५

वनाजहून मेट्रो. माझी बँक नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूला आहे. पूर्वी मी स्कूटरवर जायची आणि बँकेत पोचेपर्यंत निम्मी थकलेली असायची. मार्च २०२४ मध्ये ही मार्गिका रामवाडीपर्यंत सुरू झाली आणि मला सकाळची सुमारे पंचवीस मिनिटं परत मिळाली. मिळाली तेव्हा पहिले काही दिवस मी ती फोनला दिली. बँकेच्या ग्रुपवर सकाळपासून संदेश येत असतात, ते वाचायचे, अंगठा दाखवायचा. कल्याणीनगर येईपर्यंत काम सुरू झालेलंच असायचं, फक्त हजेरी लागलेली नसायची.

आता पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एका पत्राची झेरॉक्स असते. आमच्या बुधवारच्या बैठकीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या माहेरच्या वाड्यातलं हे पत्र. अकरा ओळी आहेत. मी त्यावर तीन आठवडे आहे.

सहाव्या ओळीशी अडले आहे. अक्षरं एकेक करून लागली: पा, च, से, र, प, ये. मोडीत शब्द तोडायचं काम वाचणाऱ्याचं. मी तोडलं: ‘पाच सेर पये’. पय म्हणजे दूध. म्हणजे कुणीतरी कुणाला पाच शेर दूध पाठवलं असणार. गेल्या आठवड्यात मी या दुधावर खूश होते. वाड्यातला गोठा, चरवी घेऊन जाणारा गडी, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण पुढच्या ओळीत ‘पावले’ आहे आणि त्याच्या आधी ‘हवाला’ असावं असं वाटतं. दुधाचा हवाला कोण देईल? आज डेक्कनच्या स्थानकात गाडी थांबली तोवर मी ‘र’कडे बघत होते. त्याच्या पायाशी शाईचा एक ठिपका आहे. झेरॉक्सवर तो डाग आहे की आणखी काही, ते कळत नाही.

गाडी मुठेच्या कडेने पुढे जाते. खिडकीतून गढूळ पाणी दिसतं. खडकवासल्यातून सोडलं असावं.

९.४५

मी एका सहकारी बँकेत कर्जविभागात आहे. अर्ज आला की सातबारा, फेरफार, खरेदीखत, वकिलांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, उत्पन्नाचे कागद हे सगळं तपासून टिपण लिहायचं. शिवाय दिलेल्या कर्जांवर नजर ठेवायची. नव्वद दिवसांवर थकलं की खातं अनुत्पादक होतं, म्हणून साठाव्या दिवसापासूनच आमचे फोन सुरू होतात. दिवसाला मी शेकड्याने पानं उलटते.

तीन वर्षांपूर्वी बँकेच्या वार्षिक अंकासाठी सगळ्यांकडून माहितीचा तक्ता भरून घेतला होता. नाव, पद, सेवेची वर्षं, आणि शेवटी ‘आवड / छंद’. मी ‘वाचन’ लिहिलं. शाळेपासून तेच लिहीत आले होते. तक्ता देऊन जागेवर आले आणि शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं ते आठवायला लागले. आठवलं तेव्हा कळलं की माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. आता ती कॉलेजात आहे. मी खोटी माहिती दिली होती, आणि कर्जाच्या अर्जात असली खोटी माहिती पकडणं हेच तर माझं काम.

त्याच सुमारास रात्रीची झोप मोडायला लागली होती. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तिला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागेशी निगडित स्थिती म्हटलं, आणि तिची तीन अंगं सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल मनात येणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. थकवा मला कळत होता. कळलं नव्हतं ते मधलं. समोर खुर्चीत बसलेला माणूस मला थकीत दिवसांचा आकडा दिसायला लागला होता. एका बाईंचा नवरा वारला होता, त्यांनी ते सांगितलं, आणि मी पुढचा प्रश्न वारसनोंदीबद्दल विचारला. एक क्षणही थांबले नाही. ते मला अजून टोचतं.

आणि मग एक फाईल आली. जमिनीच्या जुन्या कागदांत एक पान मोडीतलं होतं. विभागात कुणालाच वाचता येईना. बाहेरच्या जाणकाराकडे पाठवलं, दोन दिवसांनी त्याचं बाळबोध लिप्यंतर आलं. साधी वाटणी होती, तीन भावांत विहिरीचं पाणी कसं घ्यायचं याची. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत राहिले. भाषा माझी, शब्द मला कळणारे, आणि तरी पान माझ्यासाठी बंद होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे हिशेब, पत्रं, दस्त असेच लिहिले जात होते. माझ्या पणजोबांचा हात याच लिपीत चालला असणार. त्या रविवारी मी वर्गात नाव घातलं.

१.१५

डबे. आमच्या टेबलावर पाच जण असतात. एक जण गच्चीवर टोमॅटो लावतो आणि पावसाने फुलं गळाल्याचं रोज सांगतो. एक मुलगी पदोन्नतीच्या परीक्षेचा अभ्यास करते, जेवतानाही मोबाइलवर प्रश्न सोडवते. तिने आज विचारलं, “मॅडम, पण मोडीचा उपयोग काय?”

प्रश्न तिने मनापासून विचारला होता, म्हणून मीही नीट उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सांगितलं की पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि इतरत्र मोडीचे अमाप कागद आहेत आणि ते वाचणारी माणसं फार थोडी. शासनाचा पुराभिलेख विभाग त्यासाठी प्रशिक्षणही देतो. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्येही आली. तिने लगेच फोनवर शोधलं, अक्षरांचा तक्ता उघडला, तिला तिच्या नावाचं पहिलं अक्षर मी दाखवलं आणि ती हसली.

पण हे उत्तर देऊन मला बरं वाटलं नाही. उपयोग आहे, नक्की आहे. पण मी पहाटे टेबलाशी बसते ती उपयोगासाठी नाही. पानात ‘लेखनसीमा’ हा शब्द एका दमात वाचता आला तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्या रकान्यात बसत नाही. पत्र इथे संपलं, असं सांगायला जुने लोक तो शब्द लिहीत. बहुत काय लिहिणे, आणि मग लेखनसीमा. मजकूर कुठे थांबवायचा याचं भान होतं त्यांना. मी तिला एवढंच म्हटलं, “त्या वेळात माझ्याकडून कुणाला काही नको असतं गं.” ती थोडा वेळ फोन उलटा ठेवून जेवली.

३.००

दुपारी बँकेच्या पॅनेलवरचे एक वकील आले होते. त्यांना बघितलं की मला गेल्या वर्षीचा पावसाळा आठवतो. मला मोडी येते हे कळल्यावर त्यांनी त्यांच्या खासगी कामातली चौदा पानं लिप्यंतराला दिली होती, आमच्या बँकेशी संबंध नसलेली. पानामागे पैसे देणार होते. घरातही सगळे म्हणाले, छानच, छंदातून चार पैसे मिळतात तर का नको? मला तेव्हा वाटलं की एवढी वर्षं ज्या वेळाबद्दल घरात आडून आडून विचारणा होत होती, त्याला आता उत्तर मिळालं.

मुदत आठ दिवसांची होती. पहिली दोन पानं झाली आणि मी उरलेली मोजायला लागले. रात्री साडेअकराला बसून एका अडलेल्या अक्षरावर चिडले. अडलेलं अक्षर म्हणजे खरं तर या छंदातली सगळ्यात गोड जागा. तिथेच तर थांबायचं असतं. पण पानाला भाव लागला की अडणं म्हणजे तोटा. शिवाय चूक झाली तर कुणाच्या तरी जमिनीची हद्द चुकणार, ही भीती वेगळी. सातव्या रात्री तेच जुने ठोके परत हाताला लागले. काम पुरं करून दिलं, पैसे घेतले, आणि पुढचं बंडल आलं तेव्हा हात जोडले. वकीलसाहेबांना वाईट वाटलं. आईंना तर अजून वाटतं.

लिप्यंतर हा मानाचा व्यवसाय आहे आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझं म्हणणं फक्त माझ्यापुरतं: ज्याने मला कामातून सोडवलं त्यालाच मी दुसरं काम करून टाकत होते. हल्ली कुणी सुरेख केक केला, कुणी चांगलं विणलं, की लोक लगेच म्हणतात, विकत का नाहीस? प्रेमानेच म्हणतात. पण त्या वाक्याने किती जणींच्या हातातली सुई जड झाली असेल, असं मला वाटतं.

५.३०

रोखपालाची रोकड जुळली. सहकारी बँकेत अजूनही जुनी माणसं ‘रोजकीर्द’ आणि ‘खतावणी’ म्हणतात, सगळं संगणकावर असलं तरी. हे शब्द मी बावीस वर्षं वापरत होते आणि ते पहिल्यांदा मोडीच्या एका वाणसामानाच्या वहीत भेटले तेव्हा शेजारणीचं माहेर अचानक सापडावं तसं झालं. त्या वहीत रकमेपुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मा, तीन म्हणजे पाऊण. गूळ, मीठ, तेल, आणि पुढे उभ्या रेघा.

निघताना एका कर्जदाराचा फोन आला. पावसाने दुकानात पाणी शिरलंय, हप्ता पुढे जाईल. मी खुर्चीत परत बसले आणि पाणी किती चढलं होतं ते विचारलं.

६.३५

बुधवारी मी वनाजपर्यंत जात नाही, डेक्कनला उतरते. लकडी पूल ओलांडायचा, अलका चौकातून सदाशिव पेठेत शिरायचं. याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चि. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये ते स्थापन केलं. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून, फडताळांतून कागद गोळा करायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि पुढे असे बावीस खंड झाले. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून काढले. त्या माणसांचं ते आयुष्यच होतं. आमच्या वाट्याला बुधवारची संध्याकाळ.

बैठक निवृत्त शिक्षिकेच्या घरी असते. आम्ही चौघं: त्या, एक औषधांचं दुकान चालवणारे काका, अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आणि मी. कधी कधी सर येतात, आज आलेत. चहा होतो, छत्र्या गॅलरीत उघड्या टाकल्या जातात आणि ट्यूबलाइटखाली मूळ पत्र उलगडलं जातं. झेरॉक्स आणि मूळ कागद यांत फार फरक असतो. मूळ कागदावर शाईखाली बारीक चमक दिसते, ती वाळूची. शाई सुकवायला वर वाळू भुरभुरत, तिचे कण अजून चिकटून आहेत. बाईंनी कागद कलता केला तेव्हा एक कण टेबलावर पडला. विद्यार्थ्याने तो बोटाच्या टोकावर घेतला, आणि कुणी काही न सांगता परत घडीत ठेवला.

आधी तारीख लावली. ‘छ १२ रजब’, म्हणजे रजब महिन्याचा बारावा चंद्र. साल अरबी शब्दांत: खमस समानीन मया व अलफ. खमस पाच, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन ११८५. यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. कधी किती, ते महिन्यावर ठरतं, कारण हे साल मृगाला बदलतं; त्याला मृगसालच म्हणतात. पेरणी लागली की नवं वर्ष, शेतकऱ्याला सोयीचं. औषधवाल्या काकांनी पंचांगाच्या जंत्रीवरून काढलं: मे १७८५. मृग लागायला दोन आठवडे राहिलेले. सवाई माधवराव तेव्हा अकरा वर्षांचे होते.

मग माझी सहावी ओळ. मी ‘पाच सेर पये’ वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. सरांनी भिंग सरकवलं आणि म्हणाले, “‘र’चा पाय बघा.” मूळ कागदावर तो ठिपका नव्हताच. तो उकाराचा फाटा होता, शाईच्या थेंबात बुडालेला. र नव्हे, रु. मी पुन्हा तोडलं. पाचसे रुपये.

पाचसे रुपये पावले. पावसाच्या तोंडावर कुणीतरी कुणाचं देणं फेडलं होतं आणि घेणाऱ्याने ते पोचल्याचं लिहून कळवलं होतं. अख्ख्या दिवसात मी जे करत होते, तेच. दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचं. माझं दूध गेलं. गोठाही गेला. पण त्या जागी एक माणूस आला, ज्याला मृगाआधी पैसे हातात पडल्यावर हुश्श झालं असणार. दीड तासात आम्ही तीन ओळी वाचल्या.

९.१०

घरी आले तर खिचडी तयार होती. हे लिहायला सोपं आहे, व्हायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी बुधवारी मी सकाळीच रात्रीचाही स्वयंपाक करून जायची आणि तरी उशीर झाल्यासारखी जिना चढायची. बाईचा मोकळा वेळ घरात कुणी काढून घेत नाही, कुणी ओरडतही नाही. “आता काय करतेयस?” एवढं विचारतात, आणि “काही नाही” असं म्हणत आपणच उठतो. ते “काही नाही” मी बंद केलं. “मोडी लिहितेय” म्हणायला लागले. यांनी एक बुधवार खिचडी लावली, पुढच्या बुधवारीही लावली. आता त्यात लसूण किती घालायचा यावर त्यांची आणि लेकीची स्वतंत्र चर्चा असते.

१०.२०

आई सहसा या वेळी झोपलेल्या असतात. आज पाऊस वाढलाय, झोप येत नाही म्हणून टेबलाशी येऊन बसल्या. मी त्यांना पाचसे रुपयांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा लावून झेरॉक्स हातात घेतली, बराच वेळ बघितली.

“माझे आजोबा असंच लिहायचे गं,” त्या म्हणाल्या. “मांडीवर फळी घेऊन. आम्ही पोरं फळीला धक्का देऊ नये म्हणून लांब बसायचो.” मग थांबून म्हणाल्या, “माझं नाव लिहायचे कधीतरी, ते मला चित्रासारखं आठवतंय. वाचता नाही यायचं.”

“माहेरचं नाव?”

“माहेरचंच.”

मी कोरा कागद घेतला आणि रेघ ओढायला पट्टी शोधली. आई म्हणाल्या, “पट्टी नव्हती त्यांच्याकडे.” तेव्हा पट्टी ठेवून दिली. बोरू शाईत बुडवला, थेंब दौतीच्या कडेला निपटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानेच रेघ ओढली. मधे थोडी खाली गेली. आईंनी खुर्ची जवळ घेतली.